एकट्या माणसानं घरी रांधावं की खानावळच बरी? (रत्नागिरी)

घाटावरचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. मी मूळचा लातूरकडचा, नोकरीमुळे गेल्या जूनपासून रत्नागिरीत आहे, नाचणे भागात एक खोली आणि ओटा असं भाड्यानं घेतलंय. एकटाच राहतो. आठ महिने झाले, दोन्ही टायमाला बाहेर जेवतोय आणि आता जीव विटला. जेवण वाईट असतं असं नाही, पण संध्याकाळी साडेआठला खानावळीच्या दारात उभं राहून आज काय आहे विचारायचं आणि तो जे सांगेल ते मला आधीच माहीत असतं, बटाटा, नाहीतर कोबी, नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ.

पैशाचं म्हणाल तर नाश्ता ४०, साधी थाळी १२० दोनदा, म्हणजे दिवसाला २८०, महिन्याचे ८४०० झाले. त्यात रविवारी माशाची थाळी धरली की साडेनऊपर्यंत जातं. मग म्हटलं घरीच करू. पाच लिटरचा कुकर आणला (दुकानदार म्हणाला उद्या लग्न झालं तर कामाला येईल), एक नारळ आणला साठ रुपयांना, कोथिंबिरीची जुडी, डाळ, तांदूळ. पहिल्या दिवशी आमटी केली ती तीन दिवस खाल्ली. अर्धा नारळ वाटीतच बुळबुळीत झाला, कोथिंबीर काळी पडली, आणि रव्यात अळ्या झाल्या त्या वेगळ्याच. हिशोब केला तर तो आठवडा खानावळीपेक्षा महाग पडला!

तर प्रश्न असा की एका माणसासाठी घरी करणं खरंच परवडतं का, की आपण उगाच मनाचं समाधान करून घेतो? जे एकटे राहतात त्यांनीच सांगा, चार माणसांच्या घरातले सल्ले नकोत, ते आई रोज देते फोनवर.

तिरफळ

मी चिपळूणला शाळेत आहे, आठ वर्षं एकटी राहते, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं समजते 😀

आधी तो पाच लिटरचा कुकर माळ्यावर टाका. तुमची चूक तिथेच झाली. पाच लिटरच्या कुकरात अर्धी वाटी डाळ तळाला पसरून बसते, धड शिजत नाही, म्हणून माणूस दीड वाटी टाकतो आणि मग तीन दिवस खातो. दोन लिटरचा घ्या. एकट्यासाठी अर्धी वाटी तांदूळ म्हणजे भरपूर झाला. आणि रोज डाळ शिजवूच नका, एकदा शिजवून घट्टच ठेवा फ्रिजमध्ये, एक दिवस आमटी, दुसऱ्या दिवशी पालक घालून, एवढंच. तिसऱ्या दिवसाला उरवायची नाही.

नारळाचं दुखणं आमच्याकडे सगळ्यांनाच आहे. मासे वाट्यानं, नारळ अख्खा, फणस आला तर पंधरा किलोचा, कोकणात एका माणसाच्या मापानं काहीच मिळत नाही. नारळ फोडला की त्याच दिवशी सगळा खवून टाकायचा, आणि छोट्या छोट्या पिशव्यांत मूठ मूठ भरून फ्रीझरला. वाटी तशीच ठेवली की गेली, पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशीच वास येतो. फ्रीझरमधला नारळ वाटपाला महिनाभर चालतो, सोलकढीला मात्र ताजाच लागतो, त्यामुळे सोलकढी मी बाहेरच पिते.

आता माझं मत, सगळे उलटं सांगतील तुम्हाला. मासे घरी करावेत आणि भाजी-उसळ बाहेर खावी. सुरमई थाळीला आता साडेतीनशे चारशे मागतात, आणि त्यात तुकडी केवढी येते बघा. मी बाजारात ठरलेल्या मावशीकडून घेते, वाटा असतो सहा-सात बांगड्यांचा, पण रोजचं गिऱ्हाईक म्हटलं की ती तीन काढून देते. नवीन माणसाला देत नाही, आधी दोन महिने अख्खा वाटा घेऊन शेजारी वाटावा लागतो, मी तेच केलं.

आल्या आल्या डोकी काढून पोटातलं काळं नीट खरवडायचं, ते राहिलं की कडवट लागतं. हळद, मीठ, चमचाभर आगळ (कोकमाचा रस) लावून ठेवायचं आणि कुकर लावायचा. शिट्ट्या होईपर्यंत बांगड्याला तिखट, मग तांदळाचं पीठ आणि रवा, आणि तव्यावर. पहिल्या बाजूला हात लावायचा नाही! कड सुटून आपोआप हलायला लागला की उलटायचा, आधी उलटलात तर कातडी तव्याला आणि काटे ताटात. वीस मिनिटांत जेवायला बसते मी. याउलट काळ्या वाटाण्याची उसळ, रात्री भिजवा, सकाळी शिजवा, कांदा खोबरं भाजा, वाटा, मिक्सर धुवा, आणि खायची काय तर एक वाटी. ती खानावळीतच खावी.

खेडचा_सडाफटिंग

एवढं वाचूनच दमलो ताई. मी सरळ बाहेर जेवतो, सहा वर्षं. भांडी घासायचा पगार कोणी देत नाही. घरी फक्त चहा आणि अंडी. पाहुणेराव, तुम्ही हिशोबात तुमचा वेळ धरलाच नाहीत, सुट्टीच्या दिवशी खाडीवर गळ टाकून बसायचं की कोथिंबीर निवडत, तुम्ही ठरवा.

खानावळवाला

मालवण बाजूला चौदा वर्षं खानावळ चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं दोन शब्द.

थाळी महाग का, तर घरचा गॅस सिलेंडर १४.२ किलोचा असतो, आम्हाला १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो आणि तो किलोमागे महाग पडतो. तेल, नारळ, माणसं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मासा. थाळीचा बोर्ड आम्ही रंगवून ठेवलेला असतो पण माशाचा भाव रोज सकाळी वेगळा, एखाद्या दिवशी वारा सुटला, होड्या गेल्याच नाहीत, तर त्याच थाळीवर आमचे पैसे सुटत नाहीत. तो तोटा तुम्हाला दिसत नाही, तुकडी लहान झालेली तेवढी दिसते.

तिरफळ ताईंचं तळलेल्या बांगड्याचं बरोबर आहे, तो घरीच करा, खानावळीत शनिवार-रविवारी त्याच तेलात किती तुकड्या तळल्या जातात तेही एकदा बघा. पण कालवण बाहेर खा. आमच्या टोपात एका वेळी चाळीस माणसांचा रस्सा उकळतो, त्यात डोकी-शेपट्या सगळं उतरतं, ती चव दोन तुकड्यांच्या वाटीभर कालवणाला कशी येणार. परत रस्सा मागितला तर कोणी पैसे घेत नाही, एकट्या माणसाला त्यात पोटभर भात जातो. हे गिऱ्हाईकच आम्हाला सोमवार ते गुरुवार जगवतं, पर्यटक काय, सुट्टी संपली की गेले.

दोन गोष्टी सांगतो. जेवायला साडेबाराला या, तीनला नाही. आणि थाळीचं नाव घेऊ नका, आज मासा कुठला चांगला आहे विचारा, मुडदुशे असतील तर ते खा, मांदेली असेल तर ती खा, स्वस्तही पडतं. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, ६१ दिवस. तेव्हा कोणी ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती बर्फातली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरची, तिकडची बंदी १४ जूनला उठते. त्या दिवसांत आम्ही पण घरी सुकट आणि सोडेच खातो.

घाटावरचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून तोंडाला पाणी सुटलं पण एक सांगायचं राहिलं. घरमालकीण काकूंनी खोली देतानाच सांगितलंय, मासे-मटण चालणार नाही. अंडं चालेल पण टरफलं त्यांच्या केराच्या डब्यात टाकायची नाहीत. 😅 त्यामुळे मी मासे घरी करायचा प्रश्नच नाही. म्हणजे माझं गणित तुमच्या उलटं होणार, भाजी घरी आणि मासे बाहेर. आणि मला ज्वारीची भाकरी लागते, इथे पाकिटातलं पीठ मिळतं ते जुनं असतं, थापताना कडेनं फाटतं.

गॅसचं पण सांगा कोणीतरी, माझ्याकडे इथल्या पत्त्याचा एकही कागद नाही.

हर्णैची_हवा

गॅसचं सोपं आहे, ५ किलोचा छोटा सिलेंडर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. किलोमागे घरगुतीपेक्षा महाग आहे पण एकट्याला चालतो बराच. नाहीतर इंडक्शन, १२०० वॅटवर १५ मिनिटं कुकर म्हणजे ०.३ युनिट, काहीच नाही. फक्त पावसाळ्यात लाईट गेली की उपाशी, म्हणून मी दोन्ही ठेवलंय.

आणि लाईटवरून आठवलं, पाहुण्यांना लागू नाही पण बाकीच्या एकट्या जिवांनी वाचा. मागच्या वर्षी सप्टेंबरात मी स्वस्त मिळाले म्हणून अख्खा वाटा बांगडे आणले, चार फ्रिजमध्ये ठेवले, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाईट नव्हती. वास तसा काही आला नाही, म्हटलं कडक तळले की झालं. जेवून अर्धा तास नाही झाला तर तोंड लालबुंद, कान गरम, अंगाला खाज, डोकं ठणकतंय. मला वाटलं ॲलर्जी झाली, आता जन्मात बांगडा बंद. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी नव्हे, बांगडा, कुपा (ट्यूना) असले मासे गारव्याबाहेर राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून तळून जात नाही. वास येतोच असंही नाही. औषधानं दोन-तीन तासांत उतरलं. तेव्हापासून बांगडा आणला की त्याच दिवशी, उरला तर शेजारच्या मांजराला, लाईट गेली असेल तर तिलाही नाही.

गुहागरचे_काका

मी वाचत असतो, लिहीत नाही फारसा. पण इथे मलाच विचारलंय असं वाटलं.

मी एकसष्टाव्या वर्षी स्वयंपाक शिकलो. आमची ही गेल्यावर मुलगा म्हणाला डबा लावू. लावला, चार महिने. बाई चांगली होती पण डबा साडेअकराला यायचा आणि मला भूक लागते एकला, तोवर भाताचा गोळा. मग बंद केला आणि स्वतः उभा राहिलो. पहिली अडचण माहिताय काय? भांडी. आमच्या घरातली सगळी भांडी गणपतीतली, वीस माणसांची. तळाला एक वाटी तांदूळ टाकला की तो दिसायचा पण नाही, आणि पाणी किती घालायचं ते कळायचं नाही, करपलंच. शेवटी चहाच्या पातेल्यात भात केला. अजून त्यातच करतो, चहा दुसऱ्यात.

बाळा, तू शाकाहारीच करणार असशील तर कुळथाची पिठी शीक. आमच्याकडे पावसात, आजारात, कंटाळ्यात तीच. दोन चमचे भरून पीठ, थंड पाण्यात कालवून घे, गरम पाण्यात कालवायला गेलास तर गोळ्या होतात. पातेल्यात तेल, चार-पाच लसणीच्या पाकळ्या ठेचून, सालं राहिली तरी चालतील, हिरवी मिरची, हिंग. लसूण लाल झाली की दीड-दोन वाट्या पाणी, मीठ, दोन आमसुलं. पाण्याला कढ आला की एका हातानं पीठ ओतायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं, ढवळणारा हात थांबला की गाठ झालीच. पाच मिनिटं उकळू दे. पातळ वाटली तर घाबरू नकोस, ताटात आल्यावर दाटते. मऊ भातावर घे, वर तूप, सोबत भाजलेला पापड. सगळं मिळून पंधरा मिनिटं आणि दोन भांडी. मी तर सरळ पातेल्यातच भात कालवतो, बघायला कोण आहे.

आणखी एक. तुझी घरमालकीण कधी तरी काहीतरी वाटीतून आणून देईल. फणसाची भाजी म्हण, सांदणं म्हण, ऋषीची भाजी म्हण. इकडे वाटी रिकामी परत देत नाहीत. मला हे माहीत होतं पण आयुष्यभर वाट्या भरायचं काम हिचं होतं, त्यामुळे माझ्या ओट्यावर शेजाऱ्यांच्या पाच वाट्या साचल्या आणि मी लाजेनं कुणाच्या दारात जाईना. शेवटी एकीत आमसुलं, एकीत चार सुपाऱ्या, असं करून पोचवल्या. तू काय भरशील ते आधी ठरवून ठेव.

तिरफळ

काका, पाच वाट्या!! 😂

पाहुणे, मासे नाहीत म्हटल्यावर मग दुपारची थाळी बाहेर आणि रात्रीचं घरी असं करा. दुपारी ऑफिसजवळ ताजं असतं, रात्री खानावळीत तेच सकाळचं गरम करून येतं बऱ्याच ठिकाणी. (मालक, तुमच्याकडे नसेल, रागावू नका.) भात उरला तर ओट्यावर रात्रभर ठेवू नका, इथल्या दमट हवेत तो सकाळपर्यंत ताराळतो, गार झाला की लगेच फ्रिजमध्ये. आणि रवा, पोहे भाजून बरणीत, नाहीतर अळ्या तुमची वाटच बघत असतात.

खानावळवाला

रागावलो नाही ताई. रात्रीची भाजी सकाळचीच असते, खरं आहे. भात मात्र दोनदा लावतो.

खेडचा_सडाफटिंग

काकांची पिठी करून बघितली. भांडी दोनच झाली. बरी लागली. पण खाडीवर जायचं राहिलं.

घाटावरचा_पाहुणा

तीन आठवड्यांनी लिहितोय, काय झालं ते सांगतो.

दोन लिटरचा कुकर घेतला. दुपार बाहेर, रात्र घरी, रविवारी मिरकरवाडा बंदराच्या बाजूला जाऊन साडेबाराला माशाची थाळी, खानावळवाल्या दादांचं ऐकून मुडदुशे मागितले, काटे काढता काढता पाऊण तास गेला पण मजा आली. रात्रीच्या १२० च्या जागी साधारण ५० ते ६० पडतात, भाजी, गॅस सगळं धरून, म्हणजे महिन्याला अठराशे ते एकवीसशे वाचतील. तुम्हा लोकांना वाटेल एवढ्यासाठी एवढा खटाटोप, मलाही वाटलं. पण साडेआठला त्या दारात उभं राहायचं थांबलं तेवढ्यावर मी खूश आहे.

पिठी पहिल्या दिवशी गोट्यांसारखी झाली, हात थांबला होता, फोन आला म्हणून. दुसऱ्या वेळी जमली.

ज्वारी आईनं गावाकडून पाठवली पाच किलो. गिरणीवाल्यानं विचारलं हे कशाचं, आणि तांदळावरच दळून दिलं, वरचं पहिलं किलोभर पीठ निम्मं तांदळाचंच निघालं, त्याच्या भाकरीचे तव्यावर तीन तुकडे झाले. खालचं पीठ चांगलं होतं. आता त्याला आधी मूठभर ज्वारी टाकून ते पीठ वेगळं काढायला सांगितलंय, तो माझ्याकडे बघतो जरा वेगळंच.

आणि काका, वाटी आली! काकूंनी परवा घावनं आणि नारळाची चटणी आणून दिली. तुमचं आठवलं आणि घाम फुटला, घरात भरण्यासारखं काही नव्हतंच. शेवटी एक भाकरी केली, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला, लसूण घालून, आणि त्याच ताटलीत ठेवून दिला. म्हटलं खातात की नाही देव जाणे, तिखट आहे. काल सकाळी जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या भाकरी ह्यांना चावली नाही, ठेचा आहे का अजून.

गुहागरचे_काका

शाबास. भाकरी तव्यावरून उतरल्या उतरल्या दे, गार झालेली आमच्या दातांना होत नाही.

आणि पहिल्या पोस्टात नारळ साठ रुपयांना घेतलास असं लिहिलंयस, ते तेव्हाच बोलायचं होतं, राहिलं. त्या घराच्या परसात माड आहे का बघ. असेल तर काकूंनाच विचार पाडप, म्हणजे नारळ उतरवणं, कधी आहे, बाजारातून आणू नकोस.

घाटावरचा_पाहुणा

दोन आहेत काका. मी रोज त्याच्याखालीच गाडी लावतो.

तिरफळ

गाडी आधी काढा तिथून!